कच्चं एक, उकडलेलं एक: कोकणातल्या स्वयंपाकघरात विकरांचे प्रयोग

केळफूल चिरायला बसण्याआधी हाताला तेल लावतात आणि शेजारी ताकाच्या पाण्याचं पातेलं ठेवतात. तेल चिकासाठी, ताक विकरासाठी. विकर म्हणजे एन्झाइम, सजीवांतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारा पदार्थ. केळफुलातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतला ऑक्सिजन घेऊन फिनॉल गटातल्या पदार्थांचं रूपांतर करतं आणि फोडी काळ्या पडतात. ताकाच्या आंबटपणात ते विकर मंदावतं, आणि फोडी पाण्याखाली असल्याने हवाही कमी लागते. मोडाच्या नाचणीत, कच्च्या पपईच्या चिकात, अननसात, बांगड्याच्या पोटात अशी विकरं कायम कामाला लागलेली असतात. खालचे प्रयोग त्यांच्यावरच आहेत. साहित्य वाणी, मासळीबाजार, औषधाचं दुकान आणि घरातली खताची गोणी एवढ्यावर भागतं.

एक नियम मात्र सगळीकडे पाळायचा. प्रत्येक प्रयोगात दोन वाट्या: एकीत विकर कच्चं, दुसरीत तेच विकर तेवढ्याच प्रमाणात पण ५ ते १० मिनिटं उकळून गार केलेलं. बाकी पाणी, भांडं, वेळ, तापमान दोन्हीकडे सारखं. शाळेच्या प्रदर्शनात बहुतेक वेळा दुसरी वाटी नसते आणि मग फेस आला, रंग गेला एवढंच दिसतं. तो कशामुळे गेला हे कुणालाच सांगता येत नाही.

रेणूंबद्दल थोडं

अबोलीचा वळेसर ओवावा तसे सजीवांतले मोठे रेणू लहान रेणू जोडून झालेले असतात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची माळ. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, आणि इथे कुठल्या जागी कुठलं फूल यावर सगळं ठरतं. डीएनए आणि आरएनए न्यूक्लिओटाइडच्या माळा. मेद या पंक्तीत बसवतात खरा, पण तो माळ नव्हे: एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं लटकलेली, बस. खोबरेल थंडीत २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि कोकमतेलाचा गोळा मात्र वैशाखातही घट्टच राहतो, तो वितळायला ४० अंशांच्या जवळपास जावं लागतं. हा फरक त्या तीन मेदाम्लांच्या जातीचा.

माळेत जोड कसा आहे, हेही महत्त्वाचं. भाताचा दाणा आणि भाताचा पेंढा दोन्हीत ग्लुकोजच आहे. दाण्यातल्या स्टार्चचा जोड आपल्या विकराला तोडता येतो, पेंढ्यातल्या सेल्युलोजचा येत नाही. गाईलाही तो स्वतः तोडता येत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तोडतात.

विकर स्वतः बहुतेक वेळा प्रथिनच असतं (काही आरएनए रेणूही विकराचं काम करतात). त्याची माळ विशिष्ट घड्या घालून गुंडाळलेली असते आणि एका खाचेत ठरावीक रेणूच बसतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली ती यासाठी. उकळल्यावर माळ तुटत नाही, घड्या विस्कटतात. खाच गेली की काम गेलं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गार केला म्हणून पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे.

काय काय लागेल

औषधाच्या दुकानातून पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सर्जिकल स्पिरिट. जिलेटिन आणि चायना ग्रास वाण्याकडे किंवा केकचं सामान मिळतं तिथे. मोजायला औषधाच्या बाटलीचं टोपण आणि ५ मि.ली.चा चमचा. थर्मामीटर असला तर उत्तम. तापाचा चालणार नाही, तो ४२ अंशांपुढे जात नाही. पाणी एकाच विहिरीचं किंवा एकाच नळाचं घ्या, किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचं टाळा.

पुस्तकातल्या वेळा इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. २० ते २५ अंश धरून दिलेली वेळ मे महिन्यातल्या ३२ अंशांत बरीच कमी होते, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की विकराचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अर्थात विकर जिथवर टिकून आहे तिथवरच.

मोडाची नाचणी आणि घट्ट पेज

वेळ एकाच प्रयोगापुरता असेल तर हा करा. तयारीला चार दिवस लागतात, पण दिसतं ते दहा मिनिटांत आणि घरात कामालाही येतं.

पाव किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन १२ तास भिजत घाला, मध्ये एकदा पाणी बदला. निथळून पातळ सुती कापडात सैल बांधा, टांगून ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. कोकणच्या उकाड्यात दिवसभरात मोड दिसतो. दीड ते दोन दिवसांत अर्धा ते एक सेंटिमीटर झाला की थांबा. पुरचुंडी गच्च बांधली किंवा पाणी निथळलं नाही तर आंबूस वास येतो, पावसाळ्यात करड्या तारा धरतात. अशी नाचणी सरळ टाकून द्या, धुऊन वाचवायला जाऊ नका. चांगली आलेली उन्हात किंवा पंख्याखाली कडकडीत वाळवा, चोळून मोड काढा आणि दळा. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, भांडं तापू देऊ नका.

सत्त्वासाठी नाचणी भाजतात. इथे भाजायची नाही. खमंग भाजली की विकर गेलं. बाजारातल्या पुड्यांतलं पीठ बहुधा भाजलेलं असतं, त्यामुळे त्यावर हा प्रयोग फसतो आणि दोष प्रयोगाला दिला जातो.

आता ४० ग्रॅम तांदळाचं पीठ २५० मि.ली. पाण्यात कालवून ढवळत घट्ट शिजवा, पळीवरून ओघळू नये इतकं. दोन वाट्यांत सारखं वाटा. एका लहान भांड्यात एक चमचा मोडाचं पीठ चार चमचे पाण्यात कालवून ५ मिनिटं उकळा, आटलेलं पाणी भरून काढा. दुसऱ्या भांड्यात तेवढंच पीठ तेवढ्याच साध्या पाण्यात कालवा. पेज ६० अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर बोट क्षणभर बुडवता येतं पण ठेवता येत नाही, तो सुमार. मग एकीत कच्चं, दुसरीत उकळलेलं पीठ घालून सारखं ढवळा, झाका.

पाच ते दहा मिनिटांत पहिल्या वाटीतली पेज ढवळताना हलकी लागते आणि पळीवरून धार धरते. दुसरी तशीच गच्च. नाचणीतलं अमायलेज स्टार्चच्या माळेला मध्येच कात्री लावतं, प्रत्येक तोडीला पाण्याचा एक रेणू खर्ची घालतं. लांब माळांचा गुंता तुटला की घट्टपणा झपाट्याने उतरतो. गोडी मात्र हळू येते, कारण अजून बरेच तुकडे लांबच आहेत. चाखून 'गोड लागत नाही, म्हणजे झालं नाही' असं ठरवू नका.

आयोडीनने हेच आणखी नीट दिसतं. पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात पातळ करा, काळ्या चहासारखा रंग आला पाहिजे. पांढऱ्या बशीत त्याचे थेंब ओळीने टाका आणि दर दोन मिनिटांनी पेजेचा टाचणीएवढा भाग एकेका थेंबात मिसळा. सुरुवातीला गर्द निळा, मग जांभळा, मग तांबूस, शेवटी आयोडीनचा स्वतःचा रंग. स्टार्चची माळ मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या पोकळीत शिरून निळं दिसतं. माळ आखूड झाली की पोकळी पुरत नाही.

आयोडीनच्या दोन खोड्या आहेत. गरम पेजेत निळा रंग येतच नाही, मळसूत्र सैल पडतं. नमुना गार करूनच टाका. दुसरी जास्त फसवी: नमुन्यात लिंबाचा रस गेला तर त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनच खाऊन टाकतं आणि रंग उडतो. स्टार्च जागच्या जागीच असतं. उकळलेल्या वाटीचा रंगही उडाला, तर हेच घडलंय असं समजा.

अमायलेजसारखं विकर शरीराबाहेर पहिल्यांदा वेगळं काढलं तेही मोडाच्या धान्यातूनच. १८३३ मध्ये फ्रान्समध्ये आन्सेल्म पायेन आणि झां-फ्रान्स्वा पर्सो यांनी मोड आलेल्या जवाच्या अर्कात अल्कोहोल घालून ते खाली बसवलं आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. विकरांच्या नावामागचं 'एज' तिथूनच आलं.

बाळाच्या पेजेत याचा उपयोग असा की तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालूनही पेज पातळ राहते. पातळ झाल्यावर एक उकळी जरूर काढा; वाळवताना बसलेल्या जंतूंचाही बंदोबस्त होतो.

नाचणी नसेल तर लाळ चालते. तोंड धुऊन चमचाभर लाळ घ्या, तेवढंच पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. लाळेतल्या अमायलेजला क्लोराइड लागतं. पेज ३७ अंशांना हवी, ६० अंशांना हे विकर टिकणार नाही. तिसरी वाटी कोकमाच्या आगळाची ठेवा: दोन थेंब आगळ पडलं तरी काम जवळपास थांबतं. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरायची, वाट्या नंतर उकळत्या पाण्यातून काढायच्या.

अननस, कच्ची पपई, जिलेटिन आणि चायना ग्रास

विकर माणसं पाहून नव्हे, जोड पाहून काम करतं, हे दाखवायला याहून सोपी गोष्ट नाही. १० ग्रॅम जिलेटिन २५० मि.ली. गरम पाण्यात विरघळवून दोन वाट्यांत ओता. अडीच ग्रॅम चायना ग्रास तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळून आणखी दोन वाट्यांत. चारही घट्ट झाल्यावर एकेकीवर ताज्या अननसाची फोड, एकेकीवर १० मिनिटं उकळून गार केलेली फोड ठेवा. दोन-तीन तासांनी बघा. ताज्या फोडीखालच्या जिलेटिनला खड्डा पडून पाणी झालेलं असतं. उकळलेल्या फोडीखाली काही नाही. चायना ग्रासच्या दोन्ही वाट्या जशाच्या तशा.

जिलेटिन प्रथिन आहे, प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. शाकाहारी घरात आधी सांगून ठेवा. चायना ग्रास समुद्री शेवाळातलं कर्बोदक आहे. अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनाचा जोड ओळखतं, शेवाळातला त्याच्या गावीही नाही.

हे फसतं ते उन्हाळ्यात. जिलेटिन ३० अंशांच्या पुढे आपोआप वितळू लागतं, त्यामुळे वाट्या फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात. दुपारी वीज गेली आणि चारपैकी जिलेटिनच्या दोन्ही वाट्या पाणी झाल्या, तर तो विकराचा पराक्रम नाही. डबाबंद अननस उकळलेलाच असतो, तो ताज्याच्या जागी वापरू नका. आणि फोडी चायना ग्रासबरोबर उकळू नका. आंबट रसात उकळलेलं चायना ग्रास नीट धरत नाही.

जिलेटिन नको असेल तर दूध घ्या. १०० मि.ली. कोमट दुधात कच्च्या पपईच्या किसाचा चमचाभर रस. थोड्या वेळात ते दाटतं, फाटतं, आणि तासाभराने कडू होतं. प्रथिनांचे काही तुकडे चवीला कडूच असतात. पपईतलं पपेन २१२ अमिनो आम्लांचं आहे आणि उष्णतेला चिवट, म्हणून उकळायचं ते पुरती १० मिनिटं. पिकलेल्या पपईत ते फारच थोडं उरतं. हिरव्या पपईला चरे पाडल्यावर येणाऱ्या चिकात सर्वांत जास्त असतं. चीक हाताला लागला तर आग होते, डोळ्याला तर मुळीच लागू देऊ नका.

मटणाला पपई लावायची असेल तर अर्ध्या किलोला एक मोठा चमचा वाटण, अर्धा तास. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं तसंच राहतं, कारण विकर आत फारसं झिरपत नाही. कोलंबीला आणि मासळीला पपई लावूच नये. मासळीत मुळातच जोडऊती थोड्या, तिचा लगदा होतो.

पेरॉक्साइडचा फेस

बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असेल तर ते साधारण ६ टक्के. तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. उंच ग्लासात २० मि.ली. घेऊन भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, मग वाटाण्याएवढा कलेजीचा तुकडा. फेस उसळतो. उकडलेल्या तुकड्याने काहीच होत नाही. कलेजीऐवजी बटाटा चालतो, फक्त हळू. हे काम करणारं कॅटालेज सर्वांत चपळ विकरांपैकी. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतो. फेसाची उंची पट्टीने मोजा. तेवढ्याच वजनाचा तुकडा बारीक चिरून टाकला तर फेस जास्त वेगाने चढतो. पेरॉक्साइड उघडं राहिलेलं किंवा जुनं असेल तर ते आधीच मेलेलं असतं, मग कच्ची वाटीही गप्पच.

युरिया आणि हळदीचा कागद

दुधात युरिया मिसळला आहे का, हे ओळखण्याची घरगुती चाचणी सोयाबीनच्या किंवा तुरीच्या पिठाने करतात. त्यामागचं विकर युरिएज. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया सोडतं, आणि तो इथे हळदीला दाखवायचा आहे.

हळद स्पिरिटमध्ये कालवून पांढऱ्या कागदावर फासा, सावलीत वाळवा. कच्चं सोयाबीन दळून दोन चमचे पीठ ५० मि.ली. कोमट पाण्यात कालवा, अर्धा चमचा युरिया घाला. झाकणाच्या आतल्या बाजूला ओला करून हळदीचा कागद चिकटवा, पाण्याला टेकणार नाही असा, आणि झाका. दुसरी वाटी उकळलेल्या पिठाची. अर्ध्या तासात पहिल्या झाकणाखाली कागद तांबडा होतो. हळदीला चुना लागल्यावर कुंकू होतं तोच हा रंग, फक्त चुन्याऐवजी अमोनिया. झाकण नीट बसलं नसेल किंवा कागद सुकला असेल तर रंग येत नाही.

शेतातही हेच चालतं. खाचरातल्या पाण्यावर युरिया फोकला की माती-पाण्यातलं युरिएज त्याचा अमोनिया करतं आणि तो हवेत जातो. भातात युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचतात त्या यासाठी. याच विकराचे स्फटिक जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातकुळीतल्या बियांतून काढले आणि विकर प्रथिन असतं हे दाखवलं. त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. या प्रयोगातल्या वाट्या परत जेवणाला घेऊ नका.

बांगडा

हा प्रयोग नव्हे, निरीक्षण. दोन ताजे बांगडे घ्या, एक पोट आणि कल्ले साफ करून आणि एक तसाच, दोन्ही बर्फाशिवाय दोन-तीन तास. न साफ केलेल्याचं पोट मऊ पडतं, दाबलं तर फाटतं. तारलीत हे आणखी लवकर होतं. त्याची स्वतःचीच पचनाची विकरं आतून पोट खातात. म्हणून बर्फ मासळीइतक्याच वजनाचा लागतो, वरून दोन मुठी टाकून भागत नाही. सुकवताना आणि खारवताना पाणी काढून घेतलं की हीच विकरं अडतात. बांगड्याला आणखी एक धोका आहे: उबेत राहिला तर जिवाणूंची विकरं त्यात हिस्टामिन तयार करतात. शिजवल्याने विकर मरतं, आधीच झालेलं हिस्टामिन जात नाही. अंगावर पित्त उठतं ते बऱ्याचदा यामुळे. निरीक्षणाचे हे दोन बांगडे मांजरालाही घालू नका.

डीएनए काढणं

सर्वांना आवडतो आणि सर्वांत जास्त बिघडतो. पिकलेलं केळं घेतात, पण केळ्यात पेक्टिन (फळातलं एक चिकट कर्बोदक) भरपूर आणि स्पिरिट घातल्यावर तेही पांढरं होऊन वर येतं. रात्रभर भिजवून सोललेले पांढरे वाटाणे बरे. ५० ग्रॅम वाटाणे १०० मि.ली. थंड पाण्यात, एक चमचा मीठ घालून, मिक्सरमध्ये दहा-पंधरा सेकंदच फिरवा. जास्त फिरवलं तर धागे तुटून हाती काही लागत नाही. दोन चमचे भांड्यांचा साबण हलक्या हाताने मिसळा, फेस आणू नका. साबण पेशींची मेदाची पटलं विरघळवतो. भांडं ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. डीएनए तोडणारी विकरं यात मंदावतात. मग बर्फात गार करा, दुहेरी मलमलीतून गाळा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा म्हणजे स्टार्च तळाला बसेल. वरचं पाणी अरुंद ग्लासात घ्या, ताज्या अननसाचा चमचाभर रस घाला, पाच मिनिटं थांबा. ब्रोमेलेन डीएनएभोवतीची प्रथिनं कापतं. जोडीच्या ग्लासात उकळलेला रस.

स्पिरिट आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवलेलं हवं. ग्लास तिरका धरून कडेने तेवढंच हळूच सोडा, दोन थर वेगळे राहायला हवेत. दहा मिनिटांत मधल्या रेषेवरून पांढरे धागे वर चढतात. काडीने गोल फिरवून गुंडाळा. काडीला तारेसारखं ओढलं जातं ते डीएनए. बुडबुड्यांसह तरंगणारे लुसलुशीत गोळे बहुतेक पेक्टिन किंवा प्रथिनांचे. फेणी घालून बघायचा मोह होतो, पण तिच्यात अल्कोहोल अर्ध्याहून कमी, आणि ग्लासातल्या पाण्यात ती आणखी पातळ होते. धागे येत नाहीत.

धागे ठेवायचे असतील तर स्पिरिट भरलेल्या छोट्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, चुलीपासून लांब ठेवा.